कॅल्शियम कमी आहे असं घरात ठरलं

वैशाली, गाझियाबाद
९ नोव्हेंबर २०२४

चि. गुणवंत,
तुला आणि घरात सर्वांना जय भीम.

दीक्षाभूमीवरच्या गर्दीचं वर्णन करणारं तुझं पत्र मिळालं. तीन पानांपैकी दोन पानं तू कुठे उभा राहून भजी खाल्लीस यावर आहेत. त्यावरून तुझी तब्येत उत्तम आहे असं समजते.

माझी विचारशील तर मला कॅल्शियम कमी आहे. म्हणजे तसं घरात ठरलं आहे. सप्टेंबरपासून मांडी दुखत होती. सिद्धांतने आधी माझी गादी बदलली, मग पलंग बदलला, आणि शेवटी आठ वर्षांपूर्वी माझं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं त्याच कर्करोगाच्या इस्पितळात मला घेऊन गेला. तिथे तीन दिवस मला या यंत्रातून काढून त्या यंत्रात घातलं. मग तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, कुछ नहीं, बस कॅल्शियम कमी आहे." हे सांगताना त्याचा आवाज असा होता की कॅल्शियम आमच्या जवळच्या नात्यातलं असावं आणि ते नुकतंच वारलं असावं.

उपचाराची सुरुवात दातांपासून झाली. दुखते मांडी आणि मला पाठवलं दातांच्या डॉक्टरकडे. त्याने एक किडकी दाढ काढली, जखम भरेपर्यंत थांबायला लावलं, आणि त्यानंतर इस्पितळात पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन दिलं. आता ते दर महिन्याला. समोरच्या फ्लॅटमधल्या कौरबाईंनाही कॅल्शियम कमी आहे. त्यांना डॉक्टरने दूध प्यायला सांगितलं. त्यांच्या सगळ्या दाढा जागेवर आहेत.

घरात तर फार प्रेमाचं वातावरण आहे. सूनबाई श्रावस्ती माझ्याशी इतकी गोड बोलते की मला स्वतःचीच काळजी वाटायला लागते. नात मैत्री बारावीला, फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा. तिला माझ्याशी भांडायची बंदी झालेली दिसते. परवा मी तिच्या मॅगीत मुद्दाम पाणी जास्त घातलं, तर म्हणाली, "कोई बात नहीं, आजी." अशा घरात माणूस किती दिवस निरोगी राहणार?

कॅल्शियमला ऊन आणि चालणं चांगलं असं सगळं जग सांगतं. म्हणून सिद्धांत आणि श्रावस्ती ऑफिसला गेले की मी सोसायटीच्या बागेत सहा फेऱ्या मारते. सिद्धांत म्हणतो आराम कर. का ते सांगत नाही.

तू एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढलेस म्हणून तुला विचारते. कॅल्शियम कमी असलं तर मांडी नुसतं बसलं तरी दुखते का? उत्तर पत्रानेच दे. कानाला मशीन लावूनही मला फोनवर अर्धंच ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावावा लागतो, आणि मग उरलेलं अर्धं घरातली बाकीची माणसं ऐकतात.

तुझी ताई,
प्रभावती

*

नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जय भीम.

भजी मी एकाच ठिकाणी खाल्ली होती. दुसऱ्या ठिकाणी आलूबोंडा होता. दिल्लीच्या मंत्रालयातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने कागद नीट वाचावा एवढी अपेक्षा आहे.

तुझ्या प्रश्नाबद्दल. आमच्या खात्याचा नियम तुला माहीत आहे. टेक्निशियनने फोटो काढायचा, ओला असेल तर वाळवायचा, पाकिटात घालायचा. पेशंटने "काय निघालं साहेब?" असं विचारलं की "डॉक्टर सांगतील" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. एकतीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की निरोपसमारंभात मला भाषण करायला उभं केलं तेव्हा तोंडातून तेच आलं. तेव्हा कॅल्शियमचंही डॉक्टर सांगतील.

मला वेगळीच काळजी आहे. पेपरात रोज दिल्लीच्या हवेचे आकडे येतात. वाचूनच इथे खोकला येतो. अशा हवेत तू सहा फेऱ्या मारतेस हे मला अजिबात पसंत नाही. फेऱ्या आजपासून बंद. घरात बस. उठताना कशाचा तरी आधार घे, डाव्या पायावर जोर देऊ नकोस, जिना चढू-उतरू नकोस, पाण्याची बादली उचलू नकोस. बाथरूममध्ये ओल्या फरशीवर तर मुळीच उभी राहू नकोस. हे सगळं हवेसाठी सांगतो आहे.

सिद्धांतचा फोन येत असतो. चांगला मुलगा आहे. त्याचं ऐक.

तुझा,
गुणवंत

*

वैशाली, गाझियाबाद
२४ नोव्हेंबर २०२४

चि. गुणवंत,
जय भीम.

दिल्लीच्या हवेने लोकांची फुप्फुसं गेलेली मी पाहिली आहेत. ती खास माझ्या डाव्या पायात शिरते, हा शोध मात्र तुझाच. त्यासाठी तुझा सत्कार व्हायला हवा.

मी माझ्या पत्रांच्या प्रती ठेवते. ९ तारखेच्या पत्रात 'मांडी' आहे. 'डावी' नाही. तेव्हा सिद्धांतने तुला माझा एक्स-रे पाठवला आहे आणि तोंड बंद ठेवायची शपथ घातली आहे. ठीक. आता तूही माझं ऐक आणि तोंड तसंच बंद ठेव.

मला सगळं माहीत आहे. चौतीस वर्षं मी मंत्रालयात फायली हाताळल्या. समोरच्या साहेबाच्या टेबलावरची फाइल ज्याला उलटी वाचता येत नाही तो सेक्शन ऑफिसर कसला? त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर माझी फाइल उघडी होती. पहिल्या ओळीत स्तनाचा कर्करोग. दुसऱ्या ओळीत तो हाडांमध्ये पसरल्याचं. तिसऱ्या ओळीवर सिद्धांतने हात ठेवला आणि म्हणाला, "आई, तू बाहेर बैठो, मी चाय सांगतो." बाहेर येऊन मी चहा प्यायले. साखर जास्त होती.

हाडात गेलं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. पार्वतीबाई आठवतात ना? यशवंतरावांची मोठी बहीण, माझी नणंद. अठ्ठ्याण्णव साली तुझ्याच दवाखान्यात होत्या. हाच रोग, असाच हाडात आलेला. पाय मोडला, अंथरुणाला खिळल्या आणि सहा महिन्यांत गेल्या. शेवटी शेवटी त्यांची कूस बदलायला तीन माणसं लागत. रजा काढून आलेली मी त्या तिघांतली एक होते.

म्हणून माझा बेत अगदी साधा आहे. मैत्रीची परीक्षा मार्चअखेर संपते. तोवर मी पायांवर उभी राहणार. मी पडले की घराचं इस्पितळ होईल आणि पोरगी फिजिक्स सोडून माझ्या उशाशी बसेल. सिद्धांतला मी सांगणार नाही, कारण त्याने एवढ्या कष्टाने कॅल्शियम उभं केलं आहे. माझ्यासमोर तो हसतो तेव्हा इतकं वाईट हसतो की मलाच त्याच्यासाठी रडू येतं. त्याचे बाबा गेले तेव्हाही हा असाच हसला होता आणि नंतर दोन महिने कुणाशी बोलला नव्हता. तो घरी आला की मी त्याला "आज सहा झाल्या" असं सांगते. त्याचा चेहरा पांढरा पडतो. आनंद झाला की तो असाच दिसत असावा.

दुखतं. खूप दुखतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? श्रावस्तीच्या डोकेदुखीच्या गोळ्या चोरून खाते. मार्च संपला की इंजेक्शनही बंद करणार आहे. ज्याचा उपयोग नाही त्यासाठी दर महिन्याला पोट टोचून घ्यायचं, हे सरकारी खात्यात शोभतं, घरात नाही.

उत्तरात उपदेश नको. गोमूत्र, हळद आणि कोणा वैद्याचा पत्ताही नको.

तुझी ताई,
प्रभावती

*

नागपूर
३० नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून चार कागद फाडले. हा पाचवा.

चालू नकोस. सहा नाही, एकही फेरी नको. कारण पुढच्या पत्रात लिहितो. सिद्धांतची परवानगी घेतल्याशिवाय लिहू शकत नाही आणि तो परवानगी देत नाही. त्याला मी काल फोनवर सांगितलं की आईला आजच्या आज थांबव. तो म्हणाला, "मामा, कारण काय सांगू?"

माझ्याकडे आता मुलाने आईपासून लपवलेलं आहे आणि आईने मुलापासून लपवलेलंही आहे. दोघं एकाच घरात राहता आणि गुपितं ठेवायला नागपूरला पाठवता.

कृपा कर आणि बसून राहा.

गुणवंत

*

वैशाली, गाझियाबाद
७ डिसेंबर २०२४

चि. गुणवंत,
जय भीम.

'कारण पुढच्या पत्रात' हे वाचून नोकरीची आठवण झाली. आम्ही 'विषय विचाराधीन आहे' असं लिहायचो आणि मग त्या विषयातली माणसं निवृत्त व्हायची.

तुझ्या फोनचा इथे मोठा परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी माझे चालायचे बूट नाहीसे झाले. करोल बागेत तीन दुकानं पालथी घालून मी ते घेतले होते. सिद्धांतला विचारलं तर म्हणाला, "आई, पॉलिशला दिलेत." बूट कापडी आहेत. एवढा मोठा इंजिनियर, त्याला आईसमोर लाजवायचं कशाला?

त्यानंतर श्रावस्तीने सांगितलं, लिफ्ट बिघडली आहे, दोन-चार दिवस खाली जाता येणार नाही. हे ती सांगत असताना कौरबाई लिफ्टमधून भाजी घेऊन बाहेर आल्या. पण सुनेचा शब्द मी खाली पडू देत नाही. मी जिन्याने गेले. चार मजले, यशवंतरावांच्या जुन्या चपला घालून. त्या मला दोन नंबर मोठ्या होतात.

काल सहा डिसेंबर होता. तेहतीस वर्षांत मी हा दिवस घरी बसून काढलेला नाही. घरात सांगितलं की शंकररावांच्या गाडीने जाते आणि गाडीतच बसून राहते. आपले शंकरराव, इथल्या मंडळाचे चिटणीस. अलीपूर रोडला बाबासाहेबांच्या स्मारकापाशी रांगेत दोन तास उभी राहिले. वंदना झाली, डोळे भरून आले, सगळं छान झालं. परत येताना फूटपाथवरून उतरले आणि मांडीत काहीतरी करकरलं. डोळ्यांपुढे अंधार आला. शंकररावांनी दंड धरला म्हणून उभी राहिले, नाही तर रस्त्यात आडवी झाले असते. त्यांना सांगितलं, चप्पल मोठी आहे. ते भले गृहस्थ. त्यांनी घरापर्यंत चपलांच्या मापावर भाषण दिलं.

कालपासून डावा पाय टेकवला की घाम फुटतो. आज बागेत दोनच फेऱ्या झाल्या. सिद्धांतला सहा सांगितल्या.

चौदा जानेवारीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला जाते आहे, काला अंबच्या स्मारकाला. हरलेल्या लढाईला दरवर्षी बस भरून हार घालायला जाणारे जगात आपणच असू. यंदा मीही नाव दिलं आहे. माझ्या सध्याच्या प्रकृतीला ती जागा साजेशी आहे.

तुझी ताई,
प्रभावती

*

नागपूर
११ डिसेंबर २०२४

ताई,

हे पत्र उभी राहून वाचत असशील तर आधी बस. बसलीस की उठू नकोस.

सिद्धांतला सकाळी फोन केला आणि सांगितलं की मी लिहितो आहे. तो रडायला लागला. परवानगी मी मागितली नाही.

फाइलवरची जी ओळ तुला वाचता आली नाही, ती मी एक्स-रेवर वाचली. तुझ्या डाव्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग. हाडाची बाहेरची भिंत फोटोत जाड आणि पांढरी दिसली पाहिजे. तुझी एका बाजूने निम्म्याहून जास्त खाल्ली गेली आहे. पाय टेकवल्यावर तुला जे दुखतं, ते तिथलं. असं हाड मोडायला पडावं लागत नाही. पायरी उतरताना मोडतं, कुशीवर वळताना मोडतं. सहा तारखेला जे करकरलं ते चपलेमुळे नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ऑक्टोबरमध्येच सिद्धांतला सांगितलं होतं की मोडायच्या आत आतून सळई घालून घ्या आणि तोवर या पायावर भार नको. त्याने "आईच्या मनाची तयारी करतो" म्हणून मुदत मागितली. तयारी कशी झाली ते तुझ्या पत्रांतून मला कळतच होतं. तू त्याला आनंद व्हावा म्हणून फेऱ्या मारत होतीस आणि तो प्रत्येक फेरीला मरत होता.

आता पार्वतीबाई. हे मी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

त्यांचा फोटो मी काढला होता. त्या चालत आल्या होत्या, त्यांची मुलगी मृणाल बरोबर होती. एकोणीस वर्षांची पोरगी. फोटो उजेडावर धरला आणि मला दिसलं. अगदी तुझ्यासारखंच, उजव्या पायाला. हाडांचे डॉक्टर चार दिवसांच्या रजेवर होते. पार्वतीबाईंनी विचारलं, "काय निघालं, गुणवंतराव?" त्या माझ्या बहिणीच्या नणंद, मला भाऊबीजेला ओवाळणाऱ्या. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील, सोमवारी या." त्यांना स्ट्रेचरवर झोपवून दुसऱ्या दवाखान्यात पाठवणं माझ्या हातात होतं. पण नियम होता. नियम पाळला की माणसाला काही ठरवावं लागत नाही, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटायचं. त्या बसने घरी गेल्या. स्टँडवर उतरताना पाय मोडला. मृणालने हात धरलेला होता.

तू म्हणतेस, हाडात गेलं की सहा महिने. ताई, त्या सहा महिन्यांत गेल्या त्या रोगाने कमी आणि अंथरुणाने जास्त. न मोडलेल्या पायाने त्या किती जगल्या असत्या, ते मला माहीत नाही. रोज विचार येतो.

माझ्याबरोबर नोकरीला असलेले डॉ. अविनाश आता नागपुरात असतात. तुझे सगळे कागद त्यांना दाखवले. ते म्हणाले, अठ्ठ्याण्णव साल डोक्यातून काढा. तुझं ते पोटातलं इंजेक्शन निरुपयोगी नाही. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. त्याने जबड्याला क्वचित इजा होते, म्हणून आधी दाढ काढली. मूळ रोगासाठी आता गोळ्या आहेत, त्यांनी पुष्कळ बायकांचा रोग वर्षानुवर्षं दबून राहतो. दुखण्यावर किरणं देतात. पूर्वी दहा-दहा दिवस द्यायचे. आता अभ्यासातून कळलं आहे की नुसत्या दुखण्यासाठी बहुतेकांना एकदा दिलेलीही तेवढीच पुरतात. रोग मुळापासून जाईल असं ते म्हणाले नाहीत. कोणी म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण चालती राहशील, आणि त्यासाठी आधी आज बसायचं आहे.

मला भीती वाटते आहे, ताई. पत्र पोचायला दोन दिवस लागतील. म्हणून सिद्धांतला बजावलं आहे, तोवर तुला पलंगावरून उठू देऊ नकोस, हवं तर तुझ्याशी भांड. तो तुझ्याशी भांडेल असं मला वाटत नाही.

गुणवंत

*

वैशाली, गाझियाबाद
१२ जानेवारी २०२५

चि. गुणवंत,
जय भीम.

महिनाभर उत्तर दिलं नाही. त्यातले काही दिवस लिहिण्याजोगे नव्हते आणि काही दिवस तुला लिहायची इच्छा नव्हती. दोन्हीबद्दल सांगते.

सिद्धांत अर्थातच भांडला नाही. बारा तारखेला त्याने रजा काढली आणि दिवसभर माझ्या पलंगापाशी बसून मला ताश खेळायला लावलं. तेराला त्याला नोएडाला जावं लागलं. जाताना म्हणाला, "आई, प्लीज, आज नको ना खाली." त्याने एवढं सांगितल्यावर मी लिफ्टने गेले. टपालपेटी उघडली आणि तुझं पत्र तिथेच, तळमजल्यावरच्या बाकावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर उठले नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा तुझं ऐकलं, याची नोंद घे.

सिद्धांतला फोन लावला आणि म्हटलं, घरी ये, तिसरी ओळ कळली. त्याला यायला दीड तास लागला. तोवर सोसायटीतल्या निम्म्या बायका येऊन चौकशी करून गेल्या. मी प्रत्येकीला सांगितलं, कर्करोग हाडात गेला आहे आणि पाय मोडायच्या बेतात आहे. कौरबाई मटकन शेजारी बसल्या. एकदा तोंडातून निघाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दुधाबद्दलही विचारलं.

सिद्धांतने घरातली त्याची ऑफिसची चाकांची खुर्ची खाली आणली आणि मला तिच्यावर बसवलं. लिफ्टच्या दाराशी त्याने खुर्ची थांबवली. मग म्हणाला, "आई, तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"फाइल उलटी होती," मी म्हटलं, "मी नव्हते."

"मग फेऱ्या का मारत होतीस, यार?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

तो लिफ्टमध्ये खाली बसला आणि माझ्या उजव्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. मीही रडले. लिफ्ट दोनदा वर-खाली झाली. कुणीतरी दार उघडायचं, आम्हाला बघायचं आणि जिन्याने जायचं.

सतरा डिसेंबरला ऑपरेशन झालं. मांडीत आता एक लांब सळई आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक आठवडा असाच गेला असता तर मोडलेलं हाड जोडायला बसावं लागलं असतं, आणि ते काम फार वाईट. हे त्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या. सिद्धांतला त्यांनी खोलीत बसू दिलं, पण फाइल माझ्या बाजूला सरळ ठेवली.

तिथे एक अभ्यास चालू आहे. सळई घातल्यावर किरणं एकदाच द्यायची की पाच दिवस, दोन्हींत सारखाच फायदा होतो का ते बघतात. मी भाग घेणार का, असं विचारायला संशोधन विभागातली एक मुलगी आली. सिद्धांतने सवयीने पेन काढलं. ती म्हणाली, "सर, साइन पेशंटच करणार." मग तिने चाळीस मिनिटं मला एकेक गोष्ट सांगितली. काय होऊ शकतं, काय होणार नाही, केव्हाही नाही म्हणता येतं. माझ्या रोगाचं नाव तिने नऊ वेळा घेतलं. मी मोजलं. घरात तीन महिन्यांत एकदाही कुणी घेतलं नव्हतं. मी सही केली. निवड कॉम्प्युटर करतो, मला एकदाच मिळाली. आता दुखणं बरंच कमी आहे. पुढे कळेल. मला किती वर्षं आहेत असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आकडा सांगितला तर तो खोटा असेल. चला, एक तरी बाई कॅल्शियम म्हणाली नाही.

मैत्रीलाही सगळं सांगितलं. तिने आधी आई-बाबांशी भांडण केलं, मग माझ्याशी, आणि आता माझ्या पलंगावर पुस्तकं पसरून बसते. कालच ओरडली, "आजी, तू बोलू नको ना, मेरा चॅप्टर रह जाएगा." ऐकून फार बरं वाटलं. पानिपतच्या बसमधून नाव काढून घेतलं आहे. मंडळाने पेशंटसाठी बसमध्ये वेगळी सीट देऊ केली होती. नाही म्हटलं.

आता पार्वतीबाई.

ते पान मी इस्पितळात पुन्हा वाचलं. तुझा राग आला. एवढा आला की दोन आठवडे मी तुझं नाव घेतलं नाही आणि सिद्धांतने फोन जोडून दिला तरी घेतला नाही. त्यांची कूस बदलताना त्या ओरडायच्या ते मला ऐकू यायला लागलं, मशीन काढून ठेवलं तरी. तू तेव्हा दर रविवारी संत्री घेऊन यायचास आणि दारातच उभा राहायचास. मला वाटायचं, माझ्या भावाला दुखणं बघवत नाही.

मग नाताळानंतर एक दिवस वॉकर धरून मी बाथरूमपर्यंत एकटी गेले. कुणी धरलं नव्हतं. परत येऊन पलंगावर बसले आणि मला तुझी आठवण आली. राग गेलेला नाही. पण तू लिहिलं नसतंस तर मी आज कुठे असते हे मला कळतं, आणि तू माझा भाऊ आहेस याचं मला बरं वाटतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यांतलं एक खोडू नकोस.

माफी मात्र मी देऊ शकत नाही. त्या माझ्या नणंद होत्या. आई मृणालची होती. यशवंतराव गेले तेव्हा मृणाल इथे आली होती. माझ्याजवळ बसून म्हणाली, "मामी, त्या दिवशी मी आईला रिक्षाने नेलं असतं तर पाय मोडला नसता. पण मला कॉलेजला उशीर होत होता, म्हणून मी बस धरली." तेव्हा तिची समजूत घालायला माझ्यापाशी काही नव्हतं. तुझ्यापाशी तेव्हाही होतं. सव्वीस वर्षं ती पोरगी समजते की आईचा पाय तिने मोडला.

ती मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवून चार वाजता घरी येते. उद्या जा. मला लिहिलंस तसं तिला पत्र लिहू नकोस. तिच्यासमोर बस आणि फोटोत काय दिसलं होतं ते सांग. मग ती जे बोलेल ते सगळं ऐक, आणि ती जा म्हणेपर्यंत तिथून उठू नकोस.

तुझी ताई,
प्रभावती